१० जूनची तारीख: पंजाबात पाणी वाचवायला गेले आणि धूर दिल्लीत पोचला

२०१८ ला मी लुधियानाच्या बाजूला नोकरीला होतो, शेती अवजारांचं काम, आणि ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचो त्या बापूजींच्या स्वयंपाकघरात आडत्यानं दिलेलं एक कॅलेंडर होतं. त्यावर २० जूनला पेननं गोल केलेला. मला वाटलं कुणाचं लग्न असेल. तर नाही, त्या दिवसापासून भात लावायला सरकारची परवानगी. आधी लावलं तर दंड हेक्टरी दहा हजार, तोही दर महिन्याला, आणि वर अधिकारी येऊन उभं रोप नांगरून टाकणार, त्याचा खर्चही तुमच्याकडूनच. मी सांगलीचा, वाळव्याकडचा, ऊसवाला माणूस. आमच्याकडं कारखान्याची लागण नोंद असते, पण पीक कधी लावायचं हे विधानसभा ठरवते हे मला नवीन होतं. तेव्हापासून हे प्रकरण डोक्यात बसलंय. अर्थशास्त्राचे लोक ज्याला वीज, शेती आणि पर्यावरण यांचा गुंता म्हणतात ना, तो एका तारखेत एवढा स्वच्छ दिसतो असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आधी मागचं सांगतो. पंजाब हा मुळात भाताचा प्रदेश नाही. १९६० च्या सुमाराला तिथं भात होता सव्वादोन लाख हेक्टरच्या आसपास, आज तीस लाखांच्या वर आहे. हे का झालं तर देशाला धान्य हवं होतं, सरकारनं हमीभाव दिला, आणि नुसता भाव जाहीर करून थांबलं नाही तर मंडीत येऊन शेवटचा दाणा उचलला. हे महत्त्वाचं आहे, कारण हमीभाव मक्यालाही असतो, कडधान्यालाही असतो, पण उचलतं कोण? त्यात १९९७ ला शेतीची वीज फुकट झाली. मधे २००२ नंतर थोडा काळ पैसे लावून बघितले, २००५ ला परत फुकट. म्हणजे विकणार कुठं ही काळजी नाही, पाणी उपसायला पैसे नाहीत, मग माणूस दुसरं काय लावेल? मी पण भातच लावला असता. पंजाबात एक किलो तांदळामागं पाच हजार लिटरच्या आसपास पाणी जातं, बंगालात त्याच्या निम्मं, कारण तिथं आकाशातून पडतं आणि इथं बोअरमधून काढावं लागतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या हिशोबात पंजाबच्या १५३ ब्लॉकपैकी (तालुक्यासारखे भाग) ११७ अतिउपशाचे होते. जमिनीत वर्षाला शंभर लिटर मुरत असेल तर तेव्हा काढत होते एकशेसाठच्या वर.

हे काही कुणाला कळत नव्हतं अशातला भाग नाही. सरदारा सिंग जोहल या अर्थतज्ज्ञांच्या समितीनं १९८६ लाच सांगितलं होतं की गहू-भाताखालचं काही क्षेत्र काढा आणि दुसरी पिकं आणा, २००२ ला परत सांगितलं. झालं काय? भात वाढला. विजेला हात लावायचा म्हणजे सरकार घालवायचं, हे तिथल्या सगळ्या पक्षांना पाठ आहे, आणि हमीभावाला हात लावायचा तर तो राज्याच्या हातातच नाही. दोन्ही दोऱ्या बांधलेल्या. मग हात कशाला लावणार? तारखेला.

आणि खरं सांगू का, तारखेची आयडिया हुशार होती. भाताला पाणी भरलं की ते दोन वाटांनी जातं, काही खाली झिरपतं आणि काही उडून जातं. झिरपलेलं बरंचसं परत भूजलात जातं, ते काही हरवत नाही. खरं नुकसान उडालेल्याचं. मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडं ४२-४५ तापमान, वर कोरडी लू, अशा वेळी वाफ्यात चार बोटं पाणी उभं करणं म्हणजे तवा तापवून त्यावर पाणी ओतल्यासारखं. तीच लावणी पाऊस जवळ आल्यावर केली तर उडणारं पाणी वाचतं, आणि शेतकऱ्याच्या पदराला काही खार लागत नाही. म्हणून २००८ ला वटहुकूम आला आणि २००९ ला कायदा झाला, जमिनीखालचं पाणी जपण्याचा. तरवा, म्हणजे रोपांची वाफ्यातली पेरणी, १० मेच्या आधी टाकायचा नाही, लावणी १० जूनच्या आधी करायची नाही. पुढं ती १५ जून झाली, २०१८ ला २० जून, २०१९ ला लोकांनी बोंब मारल्यावर १३ जून. हरियाणानंही असाच कायदा केला.

अंमलबजावणी कशी झाली ते मात्र बघण्यासारखं आहे. शेतात जाऊन रोप नांगरणं हे असतंच, पण खरा चाबूक वीज होती. भाताच्या हंगामातली सलग आठ तासांची लाईट त्या तारखेपासूनच सुरू व्हायची. त्याआधी मोटरच पुरेशी चालणार नाही, लावणार कशी? म्हणजे जी वीज फुकट म्हणून किमतीनं आवरता येत नव्हती ती तासांनी आवरली. मला हे फार भारी वाटलं होतं तेव्हा. बापूजींच्या मोटरघरावर एक लाल बल्ब होता, लाईट आली की पेटायचा, २० जूनच्या पहाटे तो पेटला आणि अर्ध्या तासात चारी बाजूनं मोटरींचा आवाज सुरू झाला, अख्खा जिल्हा एकदम जागा झाल्यासारखा. बिहार आणि यूपीचे मजूर आधीच येऊन बसलेले, पण सगळ्यांना एकाच आठवड्यात लावायचं म्हटल्यावर एकरी मजुरीचा दर रोज चढत होता. एक तारीख ठरवली की सगळी मागणी त्या तारखेवर येऊन आपटते, पुढं जे झालं त्याची ही पहिली झलक होती असं आता वाटतं.

पाण्याचं काय झालं? पातळी खाली जाण्याचा वेग पूर्वीपेक्षा थोडा कमी झाला असं काही अभ्यास दाखवतात, काही म्हणतात की फरक नाही म्हणावा इतका छोटा आहे. पातळी वर आली असं मात्र कुणी म्हणत नाही. आणि ती येणार तरी कशी, लावणी उशिरा झाली पण भाताचं क्षेत्र वाढतच राहिलं. पाण्याची किंमत शून्यच होती. तारखेनं फक्त एका महिन्याची गळती बंद केली, नळ तसाच.

आता खरी गोष्ट. बापूजी लावायचे पुसा ४४ जातीचा भात. त्याला तरव्यात महिना आणि लावल्यावर शेतात १३० दिवस. एका रात्री जेवताना ते कॅलेंडरवर बोटानं मोजत बसले होते आणि मी बघत होतो. पूर्वी जूनच्या एक तारखेला लावायचो, म्हणाले, तर ऑक्टोबरच्या नऊला काढणी. दहा जूनला लावलं तर अठरा ऑक्टोबर. आता वीस जून, म्हणजे अठ्ठावीस ऑक्टोबर. आणि गहू? गहू पेरायचा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, त्यापुढं गेला की मार्चच्या उन्हात दाणा बारीक पडतो. मग अठ्ठावीसला कंबाईन, म्हणजे कापणी-मळणीचं मशीन, मिळाला असं धरा, जो कधी त्याच दिवशी मिळत नाही, मग मंडीत ओलावा जास्त म्हणून दोन दिवस ट्रॉली उभी, मग रान रिकामं करायचं, पाणी द्यायचं, वाफसा यायची वाट बघायची. दिवस उरतात किती? पूर्वी हातात महिनाभर असायचा, आता दहा-पंधरा दिवस.

आणि रानात असतं काय ते ज्यानं पाहिलं नाही त्याला समजणार नाही. कंबाईन भात वरून कापतो, त्यामुळं गुडघ्याएवढी धसकटं उभी राहतात आणि मशीनच्या मागून मोकळा पेंढा पट्ट्यापट्ट्यानं पडत जातो, चालायला गेलं तर पाय अडकतो. गव्हाचा भुस्सा जनावरं खातात, तो फारसा कुणी जाळत नाही, त्याचे पैसे येतात. भाताच्या या पराळीत सिलिका जास्त, जनावर तोंड लावत नाही. बासमती हातानं कापतात, त्याचा पेंढा खपतो, तो फार जाळत नाहीत. म्हणजे जाळणं हा काही पंजाबी माणसाचा स्वभाव नाही, पीक आणि मशीन बघून ते ठरतं. अशी दरवर्षी दोन कोटी टनांच्या आसपास पराळी. बापूजींनी नोव्हेंबरच्या दोन तारखेला दुपारी काडी लावली. वारा बघितला, बांधाच्या कडेनं ट्रॅक्टरनं एक पट्टा नांगरून घेतला म्हणजे शेजारच्या रानात जाऊ नये, आणि मग पेटत्या पेंढ्याचा एक झुबका फावड्यावर घेऊन कडेकडेनं चालत गेले. पाऊण तासात सात एकर काळं. त्यांची सून घरात दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबत होती. दिल्लीला त्रास होतो हे टीव्हीवर येतं, पण पहिला धूर त्याच घरात शिरतो.

तर काडी लावली जात होती आधीपासूनच, हे नीट लक्षात घ्या, कायद्यानं जाळणं जन्माला घातलं नाही. कायद्यानं जाळण्याची वेळ बदलली. पूर्वी ते ऑक्टोबरभर पसरलेलं असायचं, हवा अजून उबदार, वारा बरा, धूर वर जाऊन पांगायचा. आता सगळं ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा यात दाटलं, आणि नेमकं त्याच दिवसांत वारा पडतो, रात्री गार होतात, थंड हवा खाली दाटते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. २०१९ मध्ये मका-गहू संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राच्या शास्त्रज्ञांनी याचा हिशोब प्रसिद्ध केला. कायद्याच्या आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं शेजारी ठेवली तर आगीचा उच्चांक सुमारे ३९ टक्क्यांनी जास्त, आणि त्यामुळं हवेतले बारीक कण जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत जास्त. पाणी खातं एका मंत्र्याकडं, हवा दुसऱ्याकडं, आणि दिल्ली तर दुसरंच राज्य. एका वहीत जमा दिसलं ते दुसऱ्याच्या वहीत उधार पडलं होतं, फक्त दोन्ही वह्या कुणी एकत्र उघडल्या नव्हत्या.

इथं दिल्लीकरांनाही एक ऐकवायला पाहिजे. पराळीचा वाटा काही वाईट दिवसांत एक तृतीयांशाच्या आसपास जातो, पण डिसेंबर-जानेवारीत पंजाबात एक काडी पेटत नसताना दिल्लीची हवा काय असते ते त्यांनी बघावं. गाड्या, बांधकाम, कारखाने कुठं जातात? असो.

मग उपाय काय काय केले. बंदी आधी आली, हरित लवादानं २०१५ ला. दंड आले, नोव्हेंबर २०२४ ला ते दुप्पट झाले, दोन एकरांच्या आत पाच हजार, पाच एकरांपर्यंत दहा हजार, वर तीस हजार. गावात दंड वसूल करायला पटवारी (आपला तलाठी) जातो आणि पटवारी त्याच गावचा असतो, पुढचं सांगायला नको. मशीनं आली, २०१८ पासून केंद्राची सबसिडी, वैयक्तिक ५० टक्के आणि गटाला ८० टक्के. त्यातला हॅपी सीडर हा माझ्या धंद्याचा विषय म्हणून सांगतो, धसकटं न काढता त्यातच गहू पेरणारं यंत्र आहे, काम चांगलं करतं, आणि हिशोब मांडणाऱ्यांनी २०१९ ला दाखवलंय की जाळून पेरण्यापेक्षा त्यात एकरी नफा सरासरी दहा ते वीस टक्के जास्त. मग शेतकरी घेत का नाही? वेडा आहे का? मला विचाराल तर तो नफा सरासरीतला आहे आणि भीती एका वर्षाची आहे. पहिल्या वर्षी गहू पिवळट दिसतो, उंदीर होतात, खोडकिडा येतो असं शेजारी सांगतो, ट्रॅक्टर मोठा लागतो, आणि मशीन वर्षातले जेमतेम पंचवीस दिवस चालतं, बाकी अकरा महिने शेडमधे गंजत उभं, हप्ता मात्र बाराही महिने. आणि ते पंचवीस दिवस सगळ्यांना एकाच वेळी हवेत. परत तीच तारीख.

पैसे देऊन बघायचा प्रयोगही झाला, आणि मला या सगळ्यात तो सगळ्यात शिकवणारा वाटतो. केल्सी जॅक, सीमा जयचंद्रन, नम्रता काला आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २०१९ ला बठिंडा आणि फरीदकोट जिल्ह्यातल्या १७१ गावांत केला. काही गावांत सांगितलं की जाळलं नाही तर हंगामानंतर तपासून एकरी पैसे देऊ. फरक शून्य. काही गावांत त्यातला पाव किंवा निम्मा हिस्सा आधीच हातात ठेवला, काही अट नाही, उरलेला नंतर. तिथं शंभरात आठ ते बारा जण जास्त न जाळणारे निघाले. मला आकडा वाचून बापूजी आठवले. ते म्हणायचे, सरकारचा पैसा येईल तेव्हा येईल, मशीनवाला भाडं आज मागतो. बाहेरून बघणाऱ्याला हा अविश्वास हट्ट वाटतो, पण उसाचं बिल तीन-तीन हप्त्यांत घेणाऱ्या आमच्यासारख्यांना तो लगेच समजतो. आणि तरीही बघा, आगाऊ पैसे देऊनही बहुतेकांनी जाळलंच.

विजेच्या बाजूनंही एक प्रयोग आहे, २०१८ चा, ‘पाणी बचाओ, पैसे कमाओ’. सहा फीडरवर, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या सहा लाइनींवर, सुरुवात. वीज फुकटच राहील, पण तुमच्या मोटरला मीटर बसवू आणि ठरलेल्या कोट्यापेक्षा कमी युनिट वापरले तर वाचलेल्या प्रत्येक युनिटला चार रुपये तुमच्या खात्यात. जास्त वापरलं तर काही नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं हे झकास आहे, बिल न लावता युनिटला किंमत आली. अडचण एवढीच की मीटर हा शब्द ऐकला की शेतकऱ्याला पुढचं बिल दिसतं. आज पैसे देतायत, उद्या याच मीटरवर आकारतील. तो चुकीचा आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही.

आगींचा आकडा मात्र खाली आलाय. पंजाबात २०२१ ला सॅटेलाईटनं मोजल्या ७१ हजारांच्या वर, २०२३ ला ३६ हजार ६६३, २०२४ ला १० हजार ९०९. पेपरात मोठं यश म्हणून आलं. पण ज्या सॅटेलाईटवरून मोजतात ते डोक्यावरून जातात दुपारी दीडच्या आसपास, आणि हे गावात सगळ्यांना माहीत झालंय, आता काडी लागते चारनंतर. सतत एकाच जागेवरून बघणाऱ्या दुसऱ्या सॅटेलाईटच्या चित्रांत संध्याकाळचा धूर दिसतो असं शास्त्रज्ञांनी दाखवलंय. म्हणजे खरी घट आहे, मशीनं वाढलीत, पराळी विकत घेणारे कारखाने आलेत, हे नाकारत नाही, पण किती खरी आणि किती घड्याळाची हे वेगळं करायला लागेल. ज्यावर मोजणार आहेत त्यावर माणसं वागतात.

माझं मत विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय सगळ्यात कमी चर्चेत होता, तो म्हणजे बियाणं. लुधियानाच्या विद्यापीठाची पीआर १२६ ही जात लावल्यापासून ९३ दिवसांत तयार होते. २० जूनला लावली तरी २१ सप्टेंबर. पाणी वाचलं, रान महिनाभर आधी मोकळं, जाळायची घाई नाही. बापूजींना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते हसले, म्हणाले पुत्तर, पुसा एकरी दोन क्विंटल जास्त देते. त्या वर्षीचा भाव १,७७० होता. म्हणजे एकरी साडेतीन हजार रुपये, आणि जास्तीच्या पाण्याचा खर्च शून्य. जर त्या जास्तीच्या पाच आठवड्यांच्या पाण्याचे युनिटमागं दोन रुपये जरी पडत असते तर हा हिशोब त्यांनीच उलटा मांडला असता, मला सांगायची गरज नव्हती. २०२४ च्या हंगामापासून शेवटी पुसा ४४ वर राज्यानं बंदी घातली. किंमत नाही, परत बंदीच. आणि मग २०२५ ला, छोट्या मुदतीच्या जाती आल्यात आणि मंडीत ओलाव्याची कटकट होते म्हणून, सरकारनं लावणी झोनप्रमाणं १ जूनपासून सुरू करून दिली. जिथून निघालो तिथंच. भूजलाची माणसं ओरडली, त्यांचं बरोबरच होतं, आणि मंडीवाले खूश होते, त्यांचंही बरोबरच होतं.

आपल्याकडं बघायचं तर योगायोग असा की महाराष्ट्राचा भूजल कायदाही २००९ चाच, लागू व्हायला २०१४ उजाडलं. त्यात ६० मीटरच्या खाली विहीर-बोअर नाही असं आहे. आमच्या गावात बोअरची गाडी येते तेव्हा ६० मीटरला चहा प्यायला तरी थांबते का ते मी विचारत नाही. उसाचं पाचट आम्हीही जाळतो, अजून निम्मं गाव जाळतं, खोडवा लवकर फुटावा म्हणून. आणि २०२४ च्या जुलैत साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाची वीज राज्यानं फुकट केली, ४४ लाख शेतकऱ्यांना, पाच वर्षांसाठी.

परवा गावी गेलो होतो तर तात्या विहिरीवर वायरमनला घेऊन उभे. जुनी पाच एचपीची मोटर काढून बांधावर ठेवलेली, अजून ओली. मी म्हटलं जळली का, तर नाही म्हणाले, चांगली चालती की. मग काढली कशाला?

"आरं, साडेसातपर्यंत फुकट हाय न्हवं."